हळू आवाजातले पाढे

शाळा म्हटली की पोरांचा कलकलाट आलाच. दोन गल्ल्या अलीकडूनच कळतं, इथं शाळा आहे म्हणून. बिलकीसच्या शाळेत मात्र खोली भरून पोरं बसलेली असत आणि खिडकीखालून जाणाऱ्याला वाटे, आत कुणीतरी भात शिजत ठेवलाय, त्याची रटरट ऐकू येतेय. ती रटरट म्हणजे पाढे. बे एके बे पासून तिसापर्यंत, सगळे कुजबुजत म्हणायचे. शेजारी बसलेल्याला ऐकू आलं तर ठीक. दाराशी उभ्या असलेल्या बिलकीसला ऐकू आलं, तर परत पहिल्यापासून.

नियम आणखीही होते. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत, हातात घेऊन आत यायचं. येताना एकेकट्यानं यायचं, जाताना थांबून थांबून निघायचं. हजेरी नाही, फोटो तर नाहीच नाही. ओमानातल्या सीबच्या जुन्या सूकमागं, म्हणजे बाजारामागं, एके काळी जाळी ठेवायची ती खोली. तिथं अजूनही उन्हाळ्यात भिंतींना सुक्या मासळीचा वास सुटायचा. अशा खोलीत बिलकीस आपा शिकवायची, आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराला तिनं मोठ्यानं वाचू दिलं नव्हतं.

वाचून वाटेल, काय कडक बाई! कडक कसली, घाबरट होती. आणि घाबरायला तिच्याकडे कारण होतं. ही पोरं कागदावर नव्हतीच. कुणाच्या बापाचा व्हिसा कधीचा संपलेला, कुणाची आई अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरातून जीव मुठीत धरून निघालेली आणि तिचा पासपोर्ट तिथंच राहिलेला, कुणाचा तर जन्मच कुठं नोंदलेला नाही. रहिवासी कार्ड नाही म्हणजे शाळेत नाव नाही. दिवसभर ही पोरं बंद खोल्यांत बसून राहायची. आणि परवान्याशिवाय असा वर्ग चालवणं कायद्यात बसत नव्हतं, हेही बिलकीसला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पहिला दिवस तिला चांगला आठवायचा. ती मूळची हर्णैची. लग्न करून तय्यबबरोबर इथं आली, एका इंडियन शाळेत प्राथमिकला शिकवायला लागली. एकदा दुपारी शाळेतून परतताना इमारतीच्या जिन्याखाली एक पोरगा दिसला. प्लंबरचा यासिर. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवरची अक्षरं बघून तो खिळ्यानं फरशीवर गिरवत होता.

"काय करतोस रे?"

"शाळेत बसलोय," तो म्हणाला.

बिलकीसला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं यासिरला घरी बोलावलं, आठवड्याभरात त्याच्याबरोबर आणखी दोघं आली. महिन्याभरानं तय्यब गोदामातून जेवायला घरी आला तर स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नाही.

"अगो, खुळी झालीस की काय?" तो ओरडला. "तुला धरतील, मला परत धाडतील, मग बस हर्णैला कोलंबी सोलत!"

ओरडला खरा. पण त्याच शुक्रवारी त्यानं मागची खोली रिकामी करून घेतली आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या आतून दोन जाड गोधड्या ठोकल्या. घरमालकीण म्हातारी ओमानी बाई होती. तिला सगळं कळत होतं. ती रमजानात खजुरांची परात पाठवायची, आणि परात पोरं पुरून उरतील एवढी मोठी असायची. त्याबद्दल दोन्ही बायका एकमेकींशी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत.

बिलकीसनं पगाराची नोकरी सोडली. तेलुगू पोरं आली, बंगाली आली, कोकणातली तर होतीच. शिकवायची हिंदीतून, पण पाढे तिला फक्त मराठीत येत. त्यामुळं आंध्रातली पोरंसुद्धा "सतरा त्रिक एक्कावन्न" म्हणत झोपायची. कुणाचे कागद जमले, कुणी सरकारी माफीच्या मुदतीत, दंडाशिवाय, मायदेशी गेलं, तिकडं परीक्षेला बसलं. यासिरचं आता चिपळूणला औषधांचं दुकान आहे. त्याच्या बायकोनं एकदा फोनवर तक्रार केली, "आपा, हे इतकं हळू बोलतात की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. लहानपणी घशाचं काही झालं होतं का?" बिलकीस हसली, आणि फोन ठेवल्यावर दारावरच्या गोधड्यांकडे बघत बसली.

भीती कधी गेली नाही. तिची सवय झाली, एवढंच. एकदा भर वर्गात दार धडाधड वाजलं. बिलकीसनं मागं वळून बघितलं तर सगळ्या पोरांनी आपापले हात तोंडावर दाबलेले. हे तिनं शिकवलं नव्हतं! पोरं ते घरून शिकून आली होती. दार वाजवणारा पाण्याचा टँकरवाला निघाला, चुकीच्या घरी आला होता. पण त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीच्या तोंडाशी एखादी गाडी हळू झाली की बिलकीस हातानंच पोरांना गप्प करायची.

त्या खोलीतली सगळ्यांत हुशार पोर म्हणजे मुस्कान. वय नऊ, डोळे टपोरे, आणि एकदा ऐकलं की पाठ. तिची आई सकिना श्रीवर्धनकडची. नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात होता, तो वारला. मग सकिना एका घरी कामाला लागली. तिथं तिला कोंडून ठेवायचे, तेव्हा एका सकाळी पोरीला कडेवर घेऊन ती जी निघाली ती निघालीच. त्या घरचा अर्बाब तिच्या नावानं तक्रार करून बसला होता. त्याचा ड्रायव्हर अजून सूकमध्ये तिची चौकशी करायचा. सापडली असती तर सकिनाला परत धाडलं असतं. पण मुस्कानच्या जन्माचा चिटोरासुद्धा नव्हता.

"मला धाडलं तर पोर कुणाच्या नावावर येणार, आपा?" सकिना विचारायची. "ती माझी, असं कुठं लिवलेलं नाय."

बिलकीस म्हणायची, "इन्शाल्ला, माफीची मुदत येईल. तोवर कुणाच्या नजरेत येऊ नको गो."

यंदा उन्हाळ्यात तय्यबच्या गोदामानं त्याला सांगितलं, व्हिसा आता पुढं वाढणार नाही. खलास. डिसेंबरात दोघांनी हर्णैला परतायचं. मुलगा झैन टोरांटोला, मुलगी निदा पुण्याला, दोघांनाही आनंद झाला. बिलकीसच्या डोळ्यांपुढं मात्र एकच प्रश्न उभा राहिला: खोलीचं काय? आपण विमानात बसायचं आणि ही पोरं पुन्हा जिन्याखाली जायची? या विचारानं तिला रात्री झोप येईना.

आणि नेमकी तेव्हाच सोनल भेटली. सीबजवळच्या अल हैलला राहणारी, पुण्याची, तिशी ओलांडलेली. पुण्याला एका संस्थेत वस्तीतल्या मुलांसाठी शाळा चालवायची, समाजकार्याची डिग्री घेतलेली. बोलताना "लीडरशिप", "सक्सेशन", "इम्पॅक्ट" असले शब्द तिच्या तोंडून लाह्यांसारखे फुटायचे. बिलकीसला आधी वाटलं, ही दोन दिवसांची हौस. पण सोनल दर आठवड्याला आली. चपला हातात घेऊन आत आली. पहिल्याच दिवशी नियम कळल्यावर तीही कुजबुजत शिकवायला लागली, आणि भागाकार असा शिकवला की बिलकीस स्वतः पोरांत जाऊन बसली. पोरगी खरंच गुणी होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं ते वाचून तिला शिव्या घालायचा मोह होईल म्हणून.

"आपा, तुम्ही जा, मी सांभाळते," सोनल म्हणाली. "पण एकटीनं नाही होणार. आपलं मंडळ मागं उभं राहिलं तर होईल. एकांचा अल हैलचा व्हिला रिकामा आहे, खालची मोठी खोली ते द्यायला तयार आहेत."

मंडळ म्हणजे इथल्या मराठी माणसांचं. गणपती, संक्रांत, कोजागिरी, आणि वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम. माणसं चांगली, देणारी. पण आपल्या लोकांचं एक आहे. कुणी काही चांगलं केलंय असं कळलं की त्याला स्टेजवर चढवून शाल पांघरल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. मंडळाचे अध्यक्ष धनंजय घरी आले, चहा प्यायले, खोली बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसता पुसता म्हणाले, "आपा, तुमचा सत्कार करायचाच!"

"नको," बिलकीस म्हणाली.

"अहो, नको कसं? लोकांना कळलं पाहिजे!"

"लोकांना कळता कामा नये, हाच तर सगळा खटाटोप आहे."

धनंजय हसले. त्यांना तो विनय वाटला. हे आणखी एक. आपल्यात सत्काराला नाही म्हणणाऱ्या माणसाचं कुणी ऐकतच नाही, कारण सगळेच आधी नाही म्हणतात आणि मग नवी साडी नेसून येतात. तीनदा निरोप आला, तीनदा बिलकीसनं परतवला. चौथ्यांदा सोनल एकटी आली.

"आपा, व्हिलावाले म्हणतात, काम काय आहे ते सभासदांना एकदा कळू दे, मग खोली देतो. पोरं नाही आणायची. वर्गाचा फोटो नाही. पत्ता नाही. प्रॉमिस! फक्त तुम्ही यायचं, शाल घ्यायची, दोन शब्द बोलायचे."

बिलकीसनं तय्यबकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझा जीव मानत नाही गो. पण डिसेंबर तर येतोच आहे." मग बिलकीस हो म्हणाली. पोरांची खोली जिवंत राहावी म्हणून हो म्हणाली, शालीसाठी नाही.

कार्यक्रमाचा दिवस आला. मंडळानं घेतलेल्या अल हैलच्या हॉलच्या दाराशीच बिलकीस थबकली. आठ फुटी फ्लेक्स, त्यावर तिचा फोटो, मागं उगवता सूर्य, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "अंधारातल्या लेकरांची आई". तय्यब तिच्या कानाशी म्हणाला, "यल्ला, चल, परत फिरू." तेवढ्यात दोन बायकांनी तिला कुंकवाचं बोट दाखवलं, मग ओशाळून तिच्यावर गुलाबपाणीच जास्त शिंपडलं आणि हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आता उठायची सोय नव्हती.

शाल झाली. श्रीफळ झालं. धनंजयनी भाषणात सीबचं नाव घेतलं नाही, मासळी बाजाराचं घेतलं नाही, कबूल केलं तसंच. निभावलं, असं बिलकीसला वाटलं. आणि मग सोनल माईकशी आली, चेहरा आनंदानं फुललेला.

"आता आपांसाठी एक छोटंसं सरप्राइज!"

पडद्याआडून मुस्कान आली. नवा गुलाबी फ्रॉक, केसांत रिबिनी, हातात छातीएवढा गुच्छ. हॉलच्या मागच्या दाराशी, बुरख्यात अर्धी दडून, सकिना उभी होती. तिला सोनलनं सांगितलं होतं, आपांसाठी एवढं कर. आणि आपांसाठी म्हटल्यावर सकिना नाही कशी म्हणणार? उपकारांच्या ओझ्यानं ती बाई आली होती. बिलकीसला ते सगळं एका नजरेत कळलं. 'नको' हा शब्द तिच्या तोंडापर्यंत आला. पण मुस्कान तिच्याकडे बघून इतकी हसत होती!

गुच्छ दिल्यावर धनंजयनी पोरीला माईकपुढं उभं केलं. कुठल्याही पोराला स्टेजवर बघितलं की विचारायचं तेच विचारलं. "बाळा, नाव काय तुझं? पूर्ण नाव सांग. आईचं नाव? कुठं राहतेस? आणि आम्हाला काय म्हणून दाखवणार?"

मुस्कानचे ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही.

"आवाज!" मागून कुणीतरी ओरडलं. मग चारपाच जण. "आवाज येत नाही! मोठ्यानं!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या कार्यक्रमात असं ओरडतातच. पण स्टेजवर ती पोर कावरीबावरी झाली. तिनं पुन्हा ओठ हलवले. लोक हसले. मुस्कानचा चेहरा पडला, आणि तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या आपांकडे बघितलं. परवानगी मागत होती ती. मोठ्यानं बोलू का?

त्या क्षणी बिलकीसच्या मनात काय झालं ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. तिनं उठायला हवं होतं. पोरीला कुशीत घेऊन, गर्दीतून वाट काढत बाहेर पडायला हवं होतं. पण शेकडो माणसांपुढं तिचं लेकरू मुकं ठरत होतं, आणि लेकरू तर सोन्यासारखं होतं. एवढी वर्षं तिनंच या पोरांचा आवाज गोधड्यांमागं दाबून ठेवला होता. एकदा, फक्त एकदा, तो मोकळा ऐकावा अशी तिलाच तहान लागली होती. बिलकीसनं मान हलवली. हो.

आणि मुस्कान बोलली. देवा, काय आवाज होता तो! खणखणीत, स्वच्छ, हॉलच्या छतापर्यंत. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव सकिना. सीबला मासळी बाजाराच्या मागं, निळ्या दरवाजाच्या खोलीत. आणि मग सतराचा पाढा, एकदम, न अडखळता, शेवटी "सतरा दाहे सत्तराशे!" म्हणून हात उंचावून. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. बिलकीसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यातून तिला दिसलं की हॉलभर हातच हात वर आहेत आणि प्रत्येक हातात फोन आहे.

मागच्या दाराशी सकिना नव्हती.

पडद्यामागून पोरीला घेऊन सकिना घरी निघून गेली होती, आणि त्याच संध्याकाळी तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आला. बिलकीसनं सोनलला फोन करून सांगितलं, त्यात पोरीचं नाव आहे, पत्ता आहे. सोनलला चूक उमगायला एक मिनिट लागलं, आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना. तिनं एकेकाला फोन करून व्हिडिओ काढायला लावला. लोकांनी काढला, "सॉरी, सॉरी" म्हणत. पण तोवर तो कुठं कुठं गेला होता. हर्णैहून नणंदेनं पाठवला, हात जोडलेल्या चित्रासकट. दुसऱ्या दिवशी झैनचा टोरांटोहून आला: "अम्मी, यू आर फेमस!" बिलकीसनं फोन उलटा करून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मासळी बाजाराच्या मागं गेली. निळ्या दरवाजाला कुलूप होतं. शेजारची मीराबाई, जिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, अर्धं दार उघडून म्हणाली, "काल दुपारी पांढरी गाडी आली होती. तो ड्रायव्हर होता, आणि अजून एक माणूस. फोनमध्ये पोरीचा व्हिडिओ दाखवून विचारत होते, हीच का ती. सकिना गाडी बघूनच मागच्या भिंतीवरून गेली, पोरीला घेऊन. कुठं गेली, मला नाही माहीत. तुम्हीपण इथं थांबू नका, आपा." आणि तिनं दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात खोलीवर एकही पोर आलं नाही. आयांनी एकमेकींना निरोप दिले होते. बिलकीस तरी रोज दार उघडून बसायची. तय्यब मुकाट्यानं चहा आणून ठेवायचा, निवलेला कप मुकाट्यानं उचलून न्यायचा. अल हैलची खोली मात्र मिळाली. व्हिलावाल्यांनी शब्द पाळला. सोनल तिला घेऊन गेली दाखवायला. पांढरा फळा, छोट्या छोट्या रंगीत खुर्च्या, एसी, खिडकीत झाडं. भिंतीवर पाटी लावायची होती, ती बिलकीसनं खाली उतरवायला लावली. दोघी त्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे मुडपून बसल्या.

फोन आला तो तिथंच. नंबर अनोळखी.

"आपा."

बिलकीस ताडकन उठली. "मुस्कान? कुठं आहेस बाळा? अम्मी कुठं?"

"अम्मी दुकानदाराशी बोलतेय. फोन त्याचाच आहे." आवाज अगदी बारीक होता. "आपा, मी मोठ्यानं बोलले म्हणून झालं ना हे?"

"नाही गो. नाही. तुझी काही चूक नाही."

मग मुस्काननं विचारलं, तक्रार नव्हतीच त्यात, पोर नुसती खात्री करून घेत होती: "पण तुम्ही मान हलवली होती ना?"

"हो," बिलकीस म्हणाली. "मी हलवली."

"मी आता कधीच मोठ्यानं बोलणार नाही. सतराचा पण हळूच म्हणते. ऐका."

आणि ती म्हणायला लागली. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. बिलकीसनं फोन कानाला घट्ट दाबून धरला, दुसरा कान हातानं झाकला, सोनलनं उठून एसी बंद केला. तरी 'सतरा चोक'च्या पुढचं काही ऐकू येईना. फोन चालू होता की कटला होता, तेही कळेना. इतकं हळू बोलायला पोरीला तिनंच शिकवलं होतं.